हनुवटीची साक्ष

तिला सगळ्या जणी भिंग म्हणायच्या. म्हणजे तोंडावर ताई, आणि पाठ वळली की भिंग. नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाई खुर्चीत बसून मान मागे टाकायची, भिंग दिवा खाली ओढायची, अंगठ्याने हनुवटी जराशी वर उचलायची आणि गेल्या पंधरवड्यात त्या बाईने काय काय गिळलंय ते सांगून मोकळी व्हायची.

"बिस्किटं. चहाबरोबर. दोन नाही, चार."

आणि बाई कबूल व्हायची हो! तीच तर गंमत होती. भुवया कोरायला आलेली बाई आपल्या स्वयंपाकघराची झडती देऊन जायची.

एकदा कोपऱ्यावरची बेकरीवाली आली. आल्या आल्या तिने शपथ घेतली की महिन्याभरात गोडाचा कण जिभेवर ठेवलेला नाही. भिंगने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, पीळ दिला, हनुवटीवरून दोनदा चर्र चर्र ओढला आणि थांबली. दातातला दोरा न सोडताच म्हणाली, "मागच्या खेपेला एकवीस दिवस टिकली होतीस. आज तेराव्या दिवशी दारात. आणि केस बघ कसा, झाडूच्या काडीसारखा. कोणाचा वाढदिवस होता?"

"भाचीचा," बेकरीवाली रडवेली झाली. "पण एकच तुकडा हो ताई."

"एक?"

"तीन."

बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका खो खो हसल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! हसणाऱ्यांतल्या दोघी मात्र हळूच आपापल्या हनुवटीवरून बोट फिरवून बघत होत्या.

आता तुम्ही तिला भोंदू समजाल, म्हणून आधीच सांगते, ती भोंदू नव्हती. एकोणीस वर्षांची असताना तिला स्वतःला दाढी यायची. हो, दाढीच. उन्हाळ्यातही गळ्याभोवती रुमाल गुंडाळून फिरायची बिचारी. पाळी तीन तीन महिने गायब, वजन वाढलेलं, आणि आरशाशी कायमचं वैर. मग एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की साखर सोड, मैदा सोड, बाटलीतली गोड पेयं सोड, डाळी, अंडी, पालेभाज्या खा आणि रोज तासभर चाल. भिंगने ते जीव तोडून केलं. वर्षभरात वजन उतरलं, पाळी ताळ्यावर आली आणि हनुवटीवरचे राठ केस हळूहळू मऊ आणि विरळ झाले. गेले का? पूर्ण नाही गेले. पण रुमाल सुटला. एवढं ज्याच्या अंगावर घडलंय तो दुसऱ्याला सांगणारच.

चुकलं ते पुढे. आपल्या कुलपाला लागलेली किल्ली तिने दिसेल त्या कुलपाला लावायला घेतली. भुवया कोरायच्या त्या दुकानात आहाराचा उपदेश सुरू झाला. फोनवर तिने बायकांचा एक गट केला होता, 'ताट दाखवा' नावाचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रत्येकीने आपल्या ताटाचा फोटो टाकायचा. भिंग त्यावर शेरे मारायची. 'भात कमी कर.' 'हा रस कुठला? फळ चावून खायचं असतं.' 'ताटाच्या मागे काय झाकलंयस?' कितीतरी जणींना फरकही पडला, ते खोटं नाही. कोणाचे केस मंदावले, कोणाची पाळी सुधारली. आणि फरक पडला नाही तर भिंगचं उत्तर तयार असायचं. तू खातेस. तू लपवून खातेस. तोंड खोटं बोलेल, हनुवटी खोटं बोलत नाही.

पण ही गोष्ट त्या बायकांची नाही. ही भिंगच्या धाकट्या बहिणीची आहे आणि तिच्या जिवाची आहे. भिंग गावभरच्या हनुवट्या वाचत होती, तेव्हा तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवणाऱ्या बहिणीच्या पोटात काहीतरी वाढत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

धाकटी सत्तावीस वर्षांची. दोघींमध्ये चौदा वर्षांचं अंतर. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून भिंगनेच तिला लहानाची मोठी केली. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. धाकटी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन घ्यायचं काम करायची. कानाला यंत्र, समोर पडदा, आणि दिवसभर लोकांच्या शिव्या. पण तिचा आवाज असा लाघवी की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी 'माफ करा हं, तुमच्यावर ओरडलो' म्हणून फोन ठेवायचा. वरिष्ठ तिला गमतीने 'साखर' म्हणायचे. भिंगला ते बिलकूल आवडायचं नाही.

"दुसरं काही नाव सुचलं नाही का त्यांना?" ती म्हणायची.

धाकटीचा चेहरा मुळात स्वच्छ. बावीस दिवसांनी एकदा भुवया आणि ओठावरची लव, बस. हनुवटीवर दोरा लावायची वेळच आली नव्हती. एका रविवारी दुपारी, दुकानात दोघीच असताना, भिंगला तिच्या हनुवटीखाली तीन केस दिसले. काळे, जाड, टोकाशी वळलेले.

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं. नेहमीचंच."

"ऑफिसात?"

"मागच्या आठवड्यात एकीचा केक होता. एवढासा खाल्ला."

"झालं!" भिंगने तीनही केस उपटले. "आपल्या रक्तातच आहे ते. माझं जे झालं ते तुझं होऊ द्यायचं नाहीये मला. आजपासून तुझं ताट मी वाढणार."

धाकटी हसली. तिला त्यात लाड वाटले. आणि खरं सांगायचं तर ते लाडच होते. मायेने केलेली चूक लवकर ओळखू येत नाही, तिथेच सगळं फसतं.

पुढचा दोरा चौदाव्या दिवशी लावावा लागला. या वेळी तीन नाही, हनुवटीभर केस होते आणि जबड्याच्या कडेने कानाकडे निघाले होते. भिंगने फर्मान काढलं. घरातली साखर बंद, पाव बंद, भात दोन घास. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी डब्यात कडधान्य आणि काकडी, संध्याकाळी भाजीचं सूप. दिवसातून दोनदा पुदिन्याचा बिनसाखरेचा चहा. धाकटीने हूं की चूं केलं नाही. डबा उघडला की आधी फोटो, मग घास. ऑफिसात कोणी केक कापला तर ती उठून जिन्यात जाऊन उभी राहायची.

नंतर नऊ दिवस. नंतर सात.

"तू मला फसवतेयस," भिंग म्हणाली.

"ताई, खरंच नाही."

"अगं, माझं आयुष्य गेलं यात. तू एवढं नीट खाल्लंस तर केस कमी व्हायला नको का? वाढतायत म्हणजे कुठून तरी पोटात जातंय."

"मग कुठून जातंय ते मलाही सांग," धाकटी म्हणाली. तिला नुसतं विचारायचं होतं, पण भिंगला ते उद्धटपणाचं वाटलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं ती मनात म्हणाली. मोठ्याने म्हणाली नाही, तेवढी शुद्ध होती.

त्या तीन-चार महिन्यांत आणखीही गोष्टी घडत होत्या. एकेक सांगते, म्हणजे तुम्हीच बघा. धाकटीची पाळी थांबली. भिंग म्हणाली, वजन उतरताना असं होतं, माझंही झालं होतं. पण धाकटीचं वजन उतरत नव्हतं, ते जागा बदलत होतं. पाय काटकुळे आणि खांदे रुंद. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे हटायला लागले. न्हाणीत जाळीवर केसांचा पुंजका रोज दिसायचा. डोक्यावरचे जातायत आणि हनुवटीवरचे येतायत, हा काय उलटा कारभार, असं कोणाच्याही मनात आलं असतं. भिंगच्याही आलं. पण लगेच तिनेच उत्तर दिलं की बाहेरचं तळकट खाते, त्याने गळतायत.

एक दिवस लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं होतं. भिंगने फडकं लावून बघितलं, गरम पाणी ओतून बघितलं, सुरीने टोचून बघितलं. धाकटी आली, तिने बरणी उचलली आणि एका झटक्यात झाकण काढून दिलं.

"चांगलंच बळ आलंय की," भिंग म्हणाली. "सूप पिऊन येतं होय एवढं?"

धाकटीने आपला पंजा उघडून बघितला, मिटला आणि पुन्हा उघडून बघितला. मग बरणी खाली ठेवून आत निघून गेली.

आणि आवाज. आवाज आधी बसल्यासारखा वाटायचा. सर्दी, म्हणाली भिंग. गुळण्या कर. महिनाभर गुळण्या झाल्या. एका सोमवारी एका म्हातारबाबांचा फोन आला आणि धाकटीने नेहमीसारखं 'नमस्कार, काय अडचण आहे' म्हटलं. म्हातारबाबा म्हणाले, "हे बघा साहेब, मागच्या खेपेला एक बाई होत्या, त्यांनाच द्या. त्या नीट बोलतात." मागच्या खेपेलाही तीच होती, आठ दिवसांपूर्वी. तिने आवाज चढवून, ओढून, बारीक करून बोलायचा प्रयत्न केला. म्हातारबाबांना वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. त्यांनी तक्रार केली. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांनी तिला फोनवरून काढून कागद लावायच्या टेबलाशी बसवलं, अगदी गोड बोलून.

ती घरी आली आणि रडली. रडतानाचा आवाज ऐकून शेजारीण दारात आली होती, कोण पुरुषमाणूस रडतंय म्हणून. भिंगने तिला दारातूनच कटवलं. पण ती घाबरली होती. भीती वाटली की काही माणसं गप्प बसतात, काही पळतात. भिंग चिडायची. लहानपणापासून तिचं तेच.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेल्यावर तिने घराची झडती घेतली. कपाट, उशीचा अभ्रा, जुन्या पर्सेस, चपलांचा खोका, हिवाळी कोटाचे खिसे. चॉकलेटचा कागद, बिस्किटाचा चुरा, काहीतरी सापडायलाच हवं होतं. काही सापडलं नाही. तुमच्या-माझ्यासारख्याला वाटलं असतं, चला, पोरगी खरं बोलतेय. भिंगच्या तोंडचं पाणी पळालं. केवढ्या हुशारीने लपवते ही! डोळ्यांना कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं, मग समोर पांढरं शुभ्र काही ठेवा.

मग तो रविवार आला. दुकान भरलेलं होतं. बेकरीवाली होती, दोघी-तिघी कॉलेजच्या मुली होत्या, आणि एक नर्सबाई होत्या. या नर्सबाई मोठ्या इस्पितळात बायकांच्या विभागात होत्या, दर महिन्याला भुवया कोरायला यायच्या आणि उपदेशाकडे दुर्लक्ष करून पेपर वाचत बसायच्या. धाकटी नजर चुकवत आतून आली, कारण चारच दिवस झाले होते आणि चेहरा पुन्हा खरखरीत झाला होता. सोमवारी कामावर तसंच जायची तिची हिंमत नव्हती.

भिंगने दोरा लावला. दोन ओढीत दोरा तुटला. नवा घेतला, तोही तुटला. वीस वर्षांत बाईच्या चेहऱ्यावर तिचा दोरा लागोपाठ दोनदा तुटला नव्हता.

तिने तुटलेला दोरा सगळ्यांसमोर दिव्याखाली धरला. त्याला केस अडकले होते.

"चार दिवस," ती म्हणाली. "बघा गं सगळ्या. चार दिवसांत हे. आणि म्हणे मी सूप पिते."

"ताई, आत बोलूया," धाकटी म्हणाली. तिचा तो जाडा आवाज ऐकून कॉलेजच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं.

"इथेच बोल. इथे सगळ्या खरं बोलतात. ही बेकरीवाली बेकरीत राहून तोंडावर ताबा ठेवते, आणि माझी सख्खी बहीण मला उल्लू बनवते?"

"मी नाही खात."

"मग हे काय आहे?"

नर्सबाईंनी पेपर खाली ठेवला होता. त्या उठून जवळ आल्या. "आवाज कधीपासून असा आहे?" त्यांनी धाकटीला विचारलं. "पाळी येते का?"

धाकटी तोंड उघडणार तोच भिंग मध्ये पडली. "नर्सबाई, तुमचं काम सुई टोचायचं, माझं दोरा ओढायचं. मी येते का तुमच्या वॉर्डात शिकवायला?"

"ताई, हे खाण्याचं दिसत नाहीये मला. इतक्या भराभर होत नसतं ते. हिला दाखवा कोणाला तरी."

"दाखवते की. आधी खाणं तर थांबू दे."

सगळ्या धाकटीकडे बघत होत्या. आणि तिथे त्या पोरीने भलतंच केलं. ती दमली होती हो. पाच महिने एकच वाक्य बोलून बोलून माणूस किती बोलणार? तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "हो. खाल्लं मी. पाव खाल्ला, जॅम लावून. रोज खाते. ऑफिसच्या खाली मिळतो."

भिंगचा चेहरा एकदम निवळला. तिने बहिणीला तिथल्या तिथे मिठी मारली, डोक्यावरून हात फिरवला. "वेडे, एवढंच होतं तर सांगायचं ना! मी काय खाऊन टाकणार होते तुला?" आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "म्हणत नव्हते मी? हनुवटी खोटं बोलत नाही." बेकरीवालीने डोळे पुसले. नर्सबाईंनी मात्र भुवया न कोरताच पर्स उचलली. जाताना त्यांनी एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून धाकटीच्या हातात दिला. धाकटीने ती घेतली आणि पर्समध्ये टाकली.

आता भिंग जोमात आली. रोग सापडला होता, औषध माहीत होतं. तिने धाकटीला कामावरून दहा दिवसांची रजा टाकायला लावली आणि दुकानाला कुलूप लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. दारावर पाटी लावली, घरगुती कारणाने बंद. "दहा दिवस तू माझ्या नजरेसमोर," ती म्हणाली. "माझ्या हातचा घास सोडून पोटात काही जाणार नाही. मग बघ चेहरा कसा लख्ख होतो."

आणि तिने ते केलं. सकाळी स्वतः अंडी सोलून द्यायची. दुपारी समोर बसायची. धाकटी न्हाणीत गेली तरी भिंग दाराबाहेर बोलत उभी. बाजारात जायचं तर दोघी. झोपायची गादी एकच. पहिल्या दिवशी तिने स्वतः नवा, दुहेरी दोरा घेऊन बहिणीचा चेहरा कानापासून गळ्यापर्यंत साफ केला. एक तास लागला. धाकटी डोळे मिटून पडली होती. तिला पहिल्यांदा बरंही वाटत होतं, कारण ताई चिडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. भिंग गुणगुणत भाजी चिरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि धाकटीच्या जबड्यावर पडलं. भिंगला काहीतरी दिसलं. सावली असेल म्हणून तिने खिडकी लोटली. पण सावली गेली नाही. तिने जवळ जाऊन बोटाचं पेर लावलं. टोचलं.

त्या दिवशी तिने सूपही अर्धं केलं. चौथ्या दिवशी केस दिसायला लागले, नुसत्या डोळ्यांना, दारातूनसुद्धा. भिंगने बहिणीला खुर्चीत बसवलं आणि दिवा ओढला. हनुवटी, गाल, गळा. मग तिने ब्लाउजचं पहिलं बटण काढायला लावलं. छातीवरही होते. सरळ रेषेत खाली पोटाकडे निघालेले, राठ, काळेभोर.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

धाकटीने बटण लावलं. काय सांगणार? सांगितलं असतं तर 'काय खाल्लंस' हेच ऐकायला मिळालं असतं.

भिंग मनातल्या मनात मागे मागे जात होती. सोमवार, अंडी आणि काकडी. मंगळवार, डाळ आणि पालक. बुधवार, गुरुवार. एकेक घास तिने स्वतः दिला होता. शंकेला जागाच नव्हती, कारण सगळ्या जागा तिनेच बुजवल्या होत्या. बहिणीला पकडायला लावलेला सापळा, आणि त्यात सापडली ती स्वतः. धाकटीच्या बरगडीखाली, डाव्या बाजूला, तिने नुसता हात ठेवला, आधारासाठी. तिथे काहीतरी टणक लागलं. ती हात काढेना आणि दाबेना.

"दुखतं?" तिने विचारलं.

"जड वाटतं. मला वाटलं सूपाने गॅस होतो."

भिंगने धाकटीच्या पर्समधून नर्सबाईंची चिठ्ठी काढली आणि फोन लावला. "डावीकडे काहीतरी टणक लागतंय," ती म्हणाली. नर्सबाईंना सगळं कळलं असावं, कारण त्या एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. "आत्ता निघा," एवढंच म्हणाल्या. "मी खाली दारात उभी राहते."

इस्पितळात तीन दिवस गेले. रक्त काढलं, पोटाचे फोटो काढले, मोठ्या नळीत झोपवून आणखी फोटो काढले. चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी दोघींना आपल्या खोलीत बसवलं. माणूस शांत होता, जराही घाईत नव्हता, आणि भिंगला तेच वाईट लक्षण वाटलं.

"केस कधी सुरू झाले, आठवतं का?" त्यांनी आधी विचारलं. "अंदाजे सांगितलं तरी चालेल."

"अंदाज कशाला," भिंग म्हणाली. "पाच महिने झाले. आधी बावीस दिवसांनी दोरा लागायचा. मग चौदा. मग नऊ, मग सात, मग चार, आता तीन. आधी हनुवटी, मग जबडा, मग गळा. पाळी चौथ्या खेपेनंतर थांबली. आवाज त्याच्या नंतर सहा आठवड्यांनी."

डॉक्टर लिहीत होते ते थांबले. "हे तुम्ही लिहून ठेवलंय?"

"नाही. माझ्या हातात राहतं ते."

"इतकी वर्षं मी हे काम करतोय," डॉक्टर म्हणाले, "इतका अचूक इतिहास मला आजवर कोणी सांगितला नाही. बाविसाचे चौदा आणि चौदाचे नऊ झाले, तेव्हा हेच तुम्ही मला येऊन सांगितलं असतंत, तर मी फोटो न काढताही ओळखलं असतं. गाठ तेव्हा लहान असती. काढून हिला घरी पाठवलं असतं."

भिंगने खुर्चीचा हात धरला.

मग त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. डावीकडच्या ग्रंथीत गाठ झाली आहे, मुठीपेक्षा मोठी, आणि ती पुरुषांच्या अंगातलं द्रव्य भरमसाट तयार करते आहे. यकृतावरही डाग दिसतायत. शस्त्रक्रिया करता येईल, औषधंही देता येतील. पण ते खोटा दिलासा देणार नाहीत.

"आणि खाण्याने?" भिंगने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशी तिची सवयच होती. "काही कमीजास्त खाण्यात आलं म्हणून..."

"नाही. बऱ्याच बायकांचे केस सावकाश, वर्षानुवर्षं वाढत असतात. त्यांना साखर, मैदा कमी करून, वजन उतरवून थोडाफार फायदा होतो, ते तुम्ही बरोबरच सांगत असाल. पण असे धावत सुटलेले केस वेगळे. हिने रोज टोपलीभर केक खाल्ला असता तरी ही गाठ त्यामुळे आली नसती. उपाशी राहिली असती तरी थांबली नसती."

धाकटी इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती एकदम वर बघायला लागली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"गाठीचं?"

"नाही. खाण्याचं. हिच्यासमोर एकदा पुन्हा सांगा."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि सावकाश तेच पुन्हा सांगितलं. खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

धाकटी हसली. मी तुम्हाला खरं सांगते, ती हसली. पाच महिन्यांत तिचा चेहरा इतका मोकळा कोणी पाहिला नव्हता. "ऐकलंस?" ती बहिणीला म्हणाली. "मी नव्हते खात, ताई. तो जॅम-पाव वगैरे काही नव्हतं. ऑफिसच्या खाली तर पाव मिळतच नाही. तेवढं एकच खोटं बोलले मी तुझ्याशी."

भिंगने अंगठा तिच्या हनुवटीकडे नेला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला.

"म्हण ना एकदा," धाकटी म्हणाली.

"नव्हतीस खात," भिंग म्हणाली. "नव्हतीस गं खात."

धाकटीने समाधानाने मान हलवली. मग खुर्ची थोडी पुढे ओढून ती डॉक्टरांकडे वळली.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा. किती दिवस आहेत माझ्याकडे?"